भरावावर उभी माणसं

अंजनाचं माहेर पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. बाप दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजायचा आणि ही पोरगी उन्हाळाभर नदीत. कमरेला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकली. पुढं भोपळा सुटला, तरी पाण्यातनं बाहेर यायचं नाव नाही. आई काठावर उभी राहून शिव्या घालायची, तेव्हा कुठं बाईसाहेब ओल्या केसांनी घरी यायच्या.

अशा पोरीला स्थळ आलं ते जत तालुक्यातल्या एका वाडीचं. पिढ्यानपिढ्या मेंढरांमागं फिरलेलं घर, आता थोडी शेतीही करू लागलेलं. मुलगा धुळा. बोलायला कमी, कामाला वाघ. लग्न होऊन आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिला कळलं की इथं पाणी वाहत नसतं, ते टँकरनं येतं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी येईलच असंही नाही. तोंड धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी शेवग्याच्या झाडाला.

सासरे बिराप्पा तिची थट्टा करायचे. "यव्वा, तू कृष्णाकाठची मासोळी. तुला हितं कशी जगवायची गं आमी?" सीमेपलीकडच्या कानडी माणसांत आयुष्य गेल्यामुळं लाडाचे शब्द त्यांच्या तोंडी कानडीच यायचे. सासू साळूबाई मात्र थट्टा करायची नाही. ती गुपचूप आपल्या वाटणीचा एक तांब्या सुनेच्या अंघोळीच्या पाण्यात ओतायची.

बरीच वर्षं वाट बघायला लावून मग राणी झाली. एकुलती एक. काळीसावळी, आजोबांच्या घोंगडीत शिरून झोपणारी. ती शाळेत जाऊ लागली त्याच सुमाराला धुळानं डाळिंब लावलं आणि बागेसाठी शेततळं काढलं. मोठा चौकोनी खड्डा, उकरलेल्या मातीचा चारी बाजूंनी उंच भराव, आणि आत तळापर्यंत काळा प्लास्टिकचा कागद. तळं पहिल्यांदा भरलं त्या संध्याकाळी अंजना भरावावर चढली आणि बघतच राहिली. वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या. इतक्या वर्षांत तिनं एवढं पाणी घराजवळ बघितलं नव्हतं. तिनं राणीला वर ओढून घेतलं. म्हणाली, "ह्या सुट्टीत तुला पवायला शिकवते. पान्याला भ्यायचं न्हाई. भ्यालं की पानी वडतंय."

धुळा खालून ओरडला, "नगं नादाला लावू तिला. त्या कागदावर मानसाचा पाय ठरत न्हाई."

"मी हाय की," अंजना म्हणाली.

सुट्टी लागायच्या आधीच ते घडलं. अंजनाच्या भावाची पलूसला वास्तुशांत होती. राणीची परीक्षा, म्हणून तिला आजीजवळ ठेवून अंजना एकटीच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बिराप्पांच्या कळपातलं एक कोकरू पाणी प्यायला म्हणून तळ्यात उतरलं आणि घसरलं. त्याची आई मेली होती, राणीच त्याला बाटलीनं दूध पाजायची. शाळेतनं आलेली राणी त्याच्यामागं उतरली. ती पाण्याला भीत नव्हती.

धुळा बागेतनं पळत आला. त्याला पोहता येत नव्हतं. कागदावरनं तोही घसरला असता, पण शेजारच्या वस्तीवरच्या दादासोनं त्याला मागनं कवळा घातला, आणि मग स्वतः कमरेला दोर बांधून आत उतरला. पोरीला काढलं तेव्हा कोकरू तिच्या हातातच होतं.

अंजना शेवटच्या एसटीनं आली. कुणी तिला फोनवर नीट सांगितलं नव्हतं. घरासमोरची गर्दी बघून तिला कळलं. ती रडली नाही. लोक म्हणाले, रडवा की गं तिला, नाहीतर छातीत गाठ बसंल. बायका गळ्यात पडून रडल्या, साळूबाईनं जमिनीवर डोकं आपटलं. अंजना भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. घरात जिला एकटीला पोहता येत होतं, तीच त्या दिवशी घरात नव्हती. आणि पाण्याला भ्यायचं नाही, हे त्या पोरीला शिकवलं होतं तेही तिनंच.

दहावं-बारावं झालं, पाहुणे गेले. एका पहाटे साळूबाईला सून अंथरुणात दिसली नाही. धुळा धावला. अंजना तळ्याच्या भरावावर, अगदी आतल्या कडेला उभी होती. पायाखाली तो काळा कागद. धुळानं तिला हाताला धरून खाली आणलं. त्यानं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला ती माणसं दिसायला लागली.

पोर गेल्यापासून धुळा गोठ्यात झोपायचा. रात्री तिला झोप नव्हतीच. उठायची आणि ओट्यावर येऊन बसायची. समोर डाळिंबाच्या ओळी, त्यापलीकडं भराव, आभाळापुढं काळ्या रेघेसारखा. एका रात्री त्या रेघेवर कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. डोक्यावरून काहीतरी पांघरलेलं, उंच, हालत नव्हतं. तिनं डोळे चोळले. तरी ते तिथंच. तिला धीर होईना. ती आत येऊन पडली आणि सकाळपर्यंत आढ्याकडं बघत राहिली.

पुढं ते रोजचंच झालं. कधी उंच माणूस भरावावर, कधी कुणी ठेंगणं लिंबाच्या बुंध्याशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं. एकदा मोटरीच्या पेटीमागं दोघं होती, पण अंजना उभी राहिली तशी दोघांची एकच सावली झाली. तोंड कुणाचंच दिसायचं नाही. आवाज नाही. सगळ्यात भीती तिला वाटली ती कुत्र्याची. परका माणूस शिवारात आला तर आभाळ डोक्यावर घेणारं ते कुत्रं त्या सावल्यांकडं बघून नुसतं शेपूट हलवायचं आणि परत मान टाकायचं. ते माणूस असतं तर हे भुंकलं नसतं का?

मग ते बघणं दिवसाही अंगाला चिकटलं. परसाकडं जाताना, चुलीपुढं पाठमोरी बसली असताना मानेवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटायचं. वळून बघावं तर साळूबाई तांदूळ निवडतेय, किंवा धुळा दोर वळतोय.

तिनं सासूला सांगितलं. "आत्या, रातचं तळ्यावर कोनतरी येतंय."

साळूबाईनं मान वर केली नाही. "भास हुतोय तुला. जागरान झालं की हुतंय. झोप घे."

अंजनाला याचंच नवल वाटलं. साधी शिंक आली तरी लिंबू उतरवणारी ही बाई. वासरू दूध पिईना झालं तर अंगारा आणायला दोन गावं चालत जाणारी. आणि आता सून सांगतेय की तळ्यावर माणसं उभी असतात, तर म्हणते झोप घे. अंजनाला वाटलं, आपल्या पोरीला गिळलेल्या बाईवर आता अंगाराही कोण वाया घालवणार?

ती माणसं कोण, याचा विचार करून करून तिनं मनाशी ठरवून टाकलं. ती राणीकडची असणार. पोर तिकडं एकटी आहे, आईला घेऊन या म्हणतेय. हा विचार आला की भीती कमी व्हायची, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

शेवटी तिनं धुळाला सांगितलं. त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "सांगलीला दाखवूया डाक्टरला."

सांगलीची डॉक्टरीण तरुण होती, शांत बोलणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. सावल्या कशा, किती, काही बोलतात का, बोलावतात का. अंजना खरं ते सांगत गेली. धुळा शेजारच्या खुर्चीवर टोपी दोन्ही हातांत धरून बसला होता.

"तुम्हाला कधी दिसलं का असं काही?" डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं.

"न्हाई," धुळा म्हणाला.

"मूल गेल्यावर असं होतं," बाई अंजनाला म्हणाल्या. "मन थकतं, झोप मोडते, मग डोळे नसलेलं दाखवतात. वेड नव्हे हे. गोळी देते, झोप लागेल. आणि ह्यांच्याशी बोलत जा."

एसटीत दोघं शेजारी बसून आली. मिरज गेलं, कवठेमहांकाळ गेलं, एक शब्द नाही. अंजना खिडकीतून बघत होती आणि मनात म्हणत होती, म्हणजे ठरलं. माझंच डोकं फिरलंय. बाईंनी किती नीट सांगितलं होतं वेड नव्हे म्हणून, पण तिच्या कानात धुळाचं ते "न्हाई" बसलं होतं.

गोळ्यांनी आठवडाभर झोप लागली. झोपेत राणी यायची, आणि सकाळी तिला उठून पुन्हा एकदा मरावं लागायचं. अंजनानं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. पुन्हा रात्री ओटा, पुन्हा ती माणसं.

थंडी पडली होती. एका रात्री ती बसली होती तशीच उठली. अंगावर शालसुद्धा घेतली नाही. भूत असेल तर असू दे, यम असेल तर त्याला विचारूया माझी पोर कुठं ठेवलीस, असं काहीतरी मनात घेऊन ती डाळिंबाच्या ओळींमधून सरळ भरावाकडं निघाली. वरचा उंच आकार हलला. ती जसजशी जवळ गेली तसतसा तो पाण्याच्या बाजूला सरकला. तिच्या आणि पाण्याच्या मधोमध. ती भरावावर चढली. आकारानं दोन्ही हात पसरले.

"पान्याकडं न्हाई यव्वा," तो म्हणाला. "पान्याकडं न्हाई जायाचं."

बिराप्पांच्या घोंगडीला मेंढरांचा, धुराचा जुना वास होता. तो तिच्या नाकात शिरला. ती मातीवर बसली.

"मामा? तुमी?"

"मी हाय की."

"रोज तुमीच असतासा?"

म्हातारा तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याला खोकला लागला. खोकून झाल्यावर तो हळू बोलू लागला. "पयल्या राती धुळा बसतो. मदल्या राती मी येतो. पाटंचं साळू येती, लिंबाखाली बसती. धुळा मारकेटला गेला की दादासो येतो. कुनाला बोलायचं न्हाई, असं ठरल्यालं."

"आन दिवसा?"

"दिवसा काय, घरातच असतोय आमी." त्यानं घोंगडी काढून तिच्या अंगावर टाकली. "जलमभर रानात मेंढरं राखली. लांडगं हाकललं. घरातली पोर न्हाई राखता आली मला. झोपलो हुतो त्या दिवशी, जेवून. म्हनलं, तुला तरी राखू."

गेले कितीतरी महिने ती ज्यांना परलोकातली माणसं समजत होती, ती तिचीच माणसं होती. सकाळी तीच तिच्यापुढं भाकरी ठेवत होती. तिला बरं वाटायला हवं होतं, पण आला तो राग.

सकाळी धुळा गोठ्यात होता. तिनं त्याला तिथंच गाठलं. पोर गेल्यापासून ती नवऱ्याशी गरजेपुरतंच बोलली होती.

"डाक्टरनीसमोर तुमी न्हाई म्हनलासा. मला याड लागलंय असं मला वाटायला लागलं, आन तुमी टोपी धरून बसलासा. तुमीच हुबं असायचासा की तितं!"

धुळाच्या हातातली पाटी तशीच राहिली. "सांगितलं असतं तर तू दुसरी येळ धरली असतीस."

"कशाला धरली असती?"

"त्या दिशी कशाला गेली हुतीस?"

त्या पहाटे ती मरायला गेली होती की नुसती बघायला, हे तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. "गेली हुती," ती शेवटी म्हणाली. "पर कागदावर पाय ठेवला आन राणीचं आठवलं, ती कशी घसरली आसंल. मग पुढं न्हाई जाववलं."

गाईनं पाटीत तोंड घातलं. धुळानं तिला हटकलं नाही.

"आन मी उडी टाकली असती, तर तुमी काय करनार हुतासा?" अंजनानं विचारलं. "तुमाला पवता येत न्हाई. मामांना येत न्हाई. आत्या तर गुडघाभर पान्यालाबी भितीया. काय करनार हुतासा तुमी तिगं?"

धुळानं सरळ तिच्याकडं बघितलं. "मागनं आलो असतो."

"बुडायला?"

"व्हय."

तेव्हा तिला दिसलं. कृष्णेच्या धारेत मोठी झालेली ती, जिला पाण्यानं सहजासहजी घेतलंच नसतं. आणि तिला वाचवायला एकामागून एक कागदावरनं घसरत जाणारी ती तीन न पोहणारी माणसं. पहिल्यांदा तिच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. मग ती जी रडायला लागली ती तिथंच शेणात बसून, मोठ्यानं, गळा काढून, पोरीचं नाव घेऊन. साळूबाई घरातनं धावत आली आणि दारातच थांबली. धुळानं तिला हातानं खुणावलं, रडू दे, रडू दे तिला.

त्या रडण्यानं दुःख काही सरलं नाही. ते आजही आहे. फक्त त्या दिवसापासून घरात राणीचं नाव घेता येऊ लागलं. पुढच्या महिन्यात ती दोघं पुन्हा सांगलीला गेली आणि या वेळी बोलला तो धुळा. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "राखण करा, पण तिला सांगून करा." धुळानं तळ्याला चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. बुजवू या, असं साळूबाईचं म्हणणं होतं, पण बाग त्याच पाण्यावर होती आणि खायचं त्याच बागेवर. अंजना त्या बागेचं डाळिंब तोंडात घालत नाही, तोडणीला मात्र जाते.

बिराप्पांना त्या हिवाळ्यात खोकला जडला तो गेलाच नाही. रात्रीच्या गारठ्यानं की वयानं, कोण सांगणार. अंजनानं त्यांचं सगळं केलं. शेवटच्या दिवसांत तीच त्यांच्या उशाशी जागी बसायची. म्हातारा मधेच डोळे उघडून बघायचा आणि विचारायचा, "हायस न्हवं?" ती म्हणायची, "हाय मामा." मग तो डोळे मिटायचा.

ते गेले. तळ्यावर आता रात्री कुणी नसतं. तरी अजून कधी पहाटे तिला जाग येते, मानेवर ती जुनी नजर जाणवते आणि ती ओट्यावर येऊन भरावाकडं बघते. काही दिसत नाही. ती थोडा वेळ बसते, आणि आत येते.

गेल्या वर्षी दादासोची लेक संयोगिता माहेरी परत आली. तिला कराडला दिली होती. तिचा नवरा हायवेवर गाडीखाली गेला. एका संध्याकाळी दादासो अंजनाच्या अंगणात येऊन नुसताच उभा राहिला. ज्या माणसानं तिच्या लेकीला पाण्यातनं काढलं, त्याला ती बसा म्हणाली, पाणी दिलं.

"वैनी, रातचं पोरगी उठून कुटंबी जाऊन बसती," तो म्हणाला. "इहिरीकडं जाती. आमी नवराबायको दाराआडनं बघतोय. तिला कळू देत न्हाई."

"कळू दे की," अंजना म्हणाली.

जेवणं झाल्यावर ती चादर घेऊन दादासोच्या वस्तीवर गेली. संयोगिता मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली होती. अंजनानं दिवा मालवला नाही. तिच्या अंथरुणाशेजारीच चादर पसरली आणि बसली.

"संयोगिता, मी धुळाची अंजना. तुज्यावर नजर ठेवायला आलेय. तुजा बा, तुजी आई, तीबी ठेवत्यात. दाराआड कोन दिसलं तर भिऊ नगंस, तीच असत्यात."

भिंतीकडून बारीक आवाज आला, "मला काय धाड भरलीया?"

"मलाबी असंच वाटायचं," अंजना म्हणाली.

"किती दिस बसनार?"

"ठावं न्हाई."

संयोगितानं तोंड वळवलं नाही. थोड्या वेळानं तिनं अंगावरचं पांघरूण एका बाजूनं जरासं मोकळं केलं. गारठा बराच होता. अंजना त्या बाजूला सरकली.